डॉक्टरसाहेब, चार मिनिटं पेशंटचे पाय पाहा

आपल्या वऱ्हाडात एखादा पोट्टा रात्रभर अंगणात येरझारा मारून राहिला, जेवताना ताटावरून चारदा उठला, एसटीत बसला आणि पुढच्याच स्टॉपवर उतरून पायी चालू लागला, की त्याच्याबद्दल दोन निकाल ठरलेले असतात. घरचे म्हणतात, "याचा आजार वाढला." शेजारचे म्हणतात, "याच्या आंगात काहीतरी शिरलं." तिसरी शक्यता कोणी बोलत नाही. ती अशी, की पंधरा दिवसांपूर्वी त्याला जी गोळी सुरू झाली, ती गोळीच त्याला बसू देत नसेल.

आजची पोस्ट त्या तिसऱ्या शक्यतेवर आहे. लांब आहे. ज्यांच्या घरी कोणाला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि आधीच सांगून ठेवतो, ही पोस्ट वाचून कोणी गोळ्या बंद करायच्या नाहीत. काहून, ते खाली येईलच.

भास होणं, कानात आवाज येणं, विनाकारण संशय, स्किझोफ्रेनिया, उन्मादाचा झटका, अशा आजारांवर ज्या गोळ्या-इंजेक्शनं देतात त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, ओलांझापिन ही त्यातली आपल्याकडे नेहमी चालणारी नावं. या औषधांनी होणारा एक त्रास असा आहे, की माणसाला एका जागी बसवतच नाही. पाय वळवळतात, उभं राहिलं तर या पायावरून त्या पायावर वजन टाकत राहावं लागतं, झोपलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठं जावं ते कळत नाही. दिसतं पायात, पण असतं आतून. डॉक्टरी भाषेत याला अकॅथिसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'न बसणं'. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आधीपासून आहे. तगमग.

गंमत म्हणजे हे नाव गोळ्यांपेक्षा जुनं आहे. १९०१ साली प्राग शहरात लाडिस्लाव हाश्कोवेट्स नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने खुर्चीवर बसूच न शकणारे दोन पेशंट पाहिले आणि त्या लक्षणाला हे नाव दिलं. पहिलं अँटिसायकोटिक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये आलं. हॅलोपेरिडॉल १९५८ चं, बेल्जियममधल्या पॉल यान्सेनच्या प्रयोगशाळेतलं. त्यानंतर मात्र हे दुर्मीळ लक्षण जगभरच्या मानसोपचार वॉर्डांत रोज दिसू लागलं. म्हणजे हा काही काल सापडलेला त्रास नाही. सत्तर वर्षांपासून प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकात आहे. प्रमाण औषधाप्रमाणे, डोसप्रमाणे बदलतं, पण हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या, जोरदार औषधांवर साधारण दर चार-पाच जणांत एकाला हा त्रास होतो असं मानलं जातं. क्वेटियापिन आणि क्लोझापिनवर कमी. बहुतेक वेळा गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, दीड महिन्याच्या आत सुरू होतो.

चार-पाचांत एक. राजेहो, रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला येतो तर मेडिकलवाला सांगतो, "काका, खोकला आला तर डॉक्टरले सांगजा." इथं माणूस रात्र-रात्र चालून राहिला आणि त्याला कोणी एक वाक्य सांगितलेलं नसतं.

आता या त्रासातली खरी फसगत कुठं आहे ते पाहा. तगमग आणि आजार बाहेरून सारखेच दिसतात. पेशंट चिडचिडा झाला, रात्री फिरतो, बसत नाही, ओरडला, आईच्या अंगावर धावला. घरचे त्याला घेऊन परत दवाखान्यात जातात आणि म्हणतात, "साहेब, याचं वाढलं." समोर पन्नास पेशंटची लाइन. डॉक्टर कागदावर डोस वाढवतो. डोस वाढला की तगमग वाढते. तगमग वाढली की घरचे पुन्हा येतात. ज्या औषधाने आग लागली तेच औषध पाणी समजून ओतत राहायचं, असा हा प्रकार. जगभरच्या मानसोपचाराच्या पुस्तकांत या चुकीबद्दल इशारा छापलेला आहे. तरी ती होते, कारण पुस्तक वाचलेल्या माणसाकडे वेळ नाही आणि वेळ असलेल्या माणसाला, म्हणजे घरच्यांना, कोणी काही सांगितलं नाही.

ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. गाव, नाव, दवाखाना काही सांगणार नाही. पोरगा आयटीआय झालेला, पंचविशीच्या आतला. आवाज येऊ लागले, लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटू लागलं. मोठ्या भावाने लाज न धरता वेळेवर डॉक्टरकडे नेलं, हे त्या भावाचं मोठेपण. गोळ्यांनी आवाज कमी झाले. आठ-दहा दिवसांनी पोरगा चालू लागला. अंगणात, मग रस्त्यावर, मग गावापासून हायवेपर्यंत आणि परत. आईने विचारलं तर म्हणे, "माय, मले बसवतच नाही व. आंगातून कायतरी वळवळून राह्यलं. जीव निघून राह्यला माया." दुसऱ्या भेटीत डोस दुप्पट झाला. तिसऱ्या भेटीच्या आधी त्याने भावाला सांगितलं, "आवाज येत होते तेच बरं होतं. ते निदान बाहेरून येत होते."

हे वाक्य त्या भावाने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ते लिहून घेतलं. आजाराने बेजार झालेल्या माणसाला आजार परवडला असं वाटावं, इतका हा त्रास असतो. पुढं नातेवाइकांच्या ओळखीने दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला दाखवलं. त्या बाईंनी त्याला समोर खुर्चीवर बसवलं, मग उभं केलं आणि काही न बोलता त्याच्या पायांकडे पाहत राहिल्या. गोळी बदलली, प्रोप्रॅनोलॉल नावाची एक जुनी, स्वस्त गोळी जोडली. आठवडाभरात पोरगा एका बैठकीत जेवला. आज तो काम करतो. गोळी चालूच आहे, आणि चालूच राहिली पाहिजे.

त्या डॉक्टरबाईंनी काही जादू केली नाही. थॉमस बार्न्स या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९८९ मध्ये तगमग मोजायची पट्टी प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. तिची पद्धत काय? पेशंटला बसवून गप्पा मारत किमान दोन मिनिटं पाहायचं. मग उभं करून किमान दोन मिनिटं पाहायचं. आणि विचारायचं, की आतून काय वाटतं, त्याचा किती त्रास होतो. एमआरआय लागत नाही, रक्त तपासणी लागत नाही, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. चार मिनिटं, दोन डोळे आणि एक प्रश्न.

मग ही चार मिनिटं मिळत काहून नाहीत?

डॉक्टरांची बाजू मी टाळणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून देशाचं चित्र समोर आलं. आपल्या देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम पाऊण, ०.७५. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाख ८८ हजार, अकोल्याची १८ लाख १३ हजार. देशाच्या सरासरीने हिशेब केला तर अमरावतीत बावीसच्या आसपास आणि अकोल्यात चौदाच्या आसपास मानसोपचारतज्ज्ञ यायला हवेत, तेही बहुतेक शहरातच बसणार. धारणीचा माणूस दीडशेक किलोमीटरचा घाट उतरून येणार, बस चुकली तर मुक्काम करणार. मोठं मानसिक रुग्णालय म्हटलं तर आपल्याला जवळचं नागपूरचं. राज्यात अशी जुनी रुग्णालयं चारच, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. एवढ्या गर्दीत एकेका डॉक्टरवर काय भार येतो ते मला दिसतं.

पण गर्दीचं कारण एका गोष्टीला लागू होत नाही. छापील कागदाला. एका पानावर मराठीत दहा ओळी: ही गोळी सुरू झाल्यावर बसवत नसेल, पाय थांबत नसतील, आतून तगमग होत असेल तर हा गोळीचा परिणाम असू शकतो, गोळी स्वतःहून बंद करू नका, या नंबरवर कळवा किंवा तारखेआधी या. हा कागद द्यायला एमडी लागत नाही. खिडकीवर गोळ्या देणारा माणूस देऊ शकतो, आशाताई देऊ शकतात. गेल्या काही महिन्यांत मी जी घरं फिरलो, त्यांच्या पिशव्यांमधल्या फायली पाहिल्या. चिठ्ठ्या आहेत, रक्ताचे रिपोर्ट आहेत, औषध कंपनीच्या रंगीत जाहिरातीचा कागदसुद्धा एका फायलीत होता. त्या दहा ओळींचा कागद एकाही फायलीत नव्हता.

दुसरं उत्तर मला जास्त खटकतं. दोन-तीन डॉक्टरांनी, चांगल्या मनाने, मला हेच सांगितलं: "अहो, साइड इफेक्ट आधीच सांगितले तर पेशंट गोळ्या घेतच नाही." म्हणजे न सांगणं हा उपचाराचाच भाग. सर, माफ करा, पण गणित उलटं आहे. पेशंट गोळ्या सोडतो तो न सांगितल्यामुळेच. त्याला वाटतं आपण ठार वेडे होऊन राहिलो, किंवा डॉक्टर आपल्याला विष देऊन राहिला. ज्याला आधी सांगितलं होतं की असं होऊ शकतं आणि त्यावर उपाय आहे, तो फोन करतो. ज्याला नव्हतं सांगितलं, तो गोळ्या नाल्यात फेकतो. पुढच्या सहा महिन्यांत आजार पलटतो आणि मग फायलीवर शेरा येतो, 'औषधे नियमित घेत नाही'. दोष कोणाचा, शेरा कोणाच्या नावावर?

आणि मुख्य म्हणजे, सांगायचं की नाही हे आता डॉक्टरच्या मर्जीवर राहिलेलंच नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, देशात लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम २२ वाचा. पेशंटला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराचं स्वरूप, उपचाराची योजना आणि त्या उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घ्यायचा हक्क आहे. ही माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा स्वरूपात मिळाली पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. कलम २५ नुसार उपचाराच्या नोंदी मागता येतात. कलम २८ नुसार सेवेत कमतरता असेल तर तक्रार करता येते, आधी त्या दवाखान्याच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, त्याच्या वर राज्य प्राधिकरणाकडे.

'समजेल अशा भाषेत' हे शब्द मेळघाटात नेऊन पाहा. चिखलदरा-धारणीच्या कोरकू म्हातारीला, जिला मराठीही अर्धवट येते, तिच्या नातवाच्या गोळीचा परिणाम कोणत्या भाषेत सांगितला जातो? इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी आणि हिंदीत दोन वाक्यं. मग ती नातवाला भूमकाकडे नेते तेव्हा आपण शहरातले लोक तिला अंधश्रद्ध म्हणायला मोकळे. भूमका निदान कोरकूत बोलतो, आणि तिच्यासोबत घंटाभर बसतो.

तसंच सैलानीचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर आपल्याकडची किती कुटुंबं मनोरुग्ण घेऊन जातात, हे वऱ्हाडात कोणाला सांगायची गरज नाही. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, मला त्यावर बोलायचं नाही. पण तिथं जाणाऱ्यांत गोळी सुरू झाल्यानंतर जाणारेही असतात हे लक्षात घ्या. गोळीनंतर माणूस जास्त बेचैन झाला, म्हणजे बाधा खवळली असा अर्थ लावला जातो. औषधाचा परिणाम भुताच्या खात्यावर जमा होतो.

मग बांधून ठेवणं आलं. खाटेला, खांबाला, दाव्याने, साखळीने. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडात असलेले २८ मनोरुग्ण जागेवरून हलू शकले नाहीत आणि जळून मेले. साखळी आज कायद्यानेच बंद आहे, कलम ९५, कोणत्याही स्वरूपात नाही. पण दाव्याचं काय? ज्याचे पाय आतूनच थांबत नाहीत अशा माणसाला बांधून ठेवणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. सोव्हिएत रशियाने हे माहीत असून केलं. लिओनिद प्ल्युश्च नावाचा युक्रेनचा गणितज्ञ सरकारविरुद्ध बोलला म्हणून १९७३ ते १९७६ नीप्रोपेत्रोव्स्कच्या विशेष मानसिक रुग्णालयात डांबला गेला आणि त्याला हॅलोपेरिडॉल देण्यात आलं. सुटून फ्रान्सला गेल्यावर त्याने आणि इतर कैद्यांनी त्या औषधावरच्या बेचैनीचं जे वर्णन केलं, ते ऐकून पाश्चात्त्य मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांत खळबळ झाली. तिकडे जो छळ म्हणून वापरला, तोच त्रास आपल्याकडे दुर्लक्षाने होतो. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पाय वळवळणाऱ्या माणसाला तो फरक कसा कळणार?

आणखी एक गोष्ट, जी आपण घरात करतो आणि बोलत नाही. पेशंट गोळी घेत नाही म्हणून वरणात कालवून, चहात थेंब टाकून औषध देणं. आईबाप हे मायेपोटी करतात, त्यांना दुसरा मार्ग दिसत नाही. त्यांना शिव्या देणारे जे शहाणे आहेत त्यांनी एक महिना त्या घरात राहून दाखवावं. पण विचार करा, ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, त्याला तगमग सुरू झाली तर तो कशाला कारण मानेल? त्याला संशयाचाच आजार आहे. त्याच्या संशयाला आपणच पुरावा पुरवतो. महिन्याच्या इंजेक्शनाचंही तसंच. गोळी उद्या कमी करता येते. टोचलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही, ते आठवडे-आठवडे अंगात राहतं. म्हणून इंजेक्शनाच्या आधी तरी सांगा.

तुम्ही म्हणाल, भाऊ, आमच्या घरी कोणी मनोरुग्ण नाही, आम्ही काहून वाचावं? तर ऐका. उलटी थांबायला जे मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन देतात, बाजारात पेरिनॉर्म म्हणून प्रसिद्ध, त्यानेही हीच तगमग होऊ शकते. स्टेमेटिलनेही. सलाइन चालू असताना अचानक "मले घरी जायचं, सुई काढा" म्हणून उठणारा पेशंट तुम्ही पाहिला असेल, त्यातल्या काहींचं कारण हेच असतं. आणि ॲसिडिटीची ती कॅप्सूल, ज्यात रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. आपल्या ठेचा-झुणक्याच्या मुलखात ती मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घेणारे किती तरी आहेत. हे लेव्होसल्पिराइड मुळात अँटिसायकोटिक जातीचं औषध आहे. म्हाताऱ्या माणसांना त्याने हात थरथरणं, अंग आखडणं, बेचैनी असे त्रास होतात. घरात आजोबांची हालचाल बदलली असेल तर आधी कॅप्सूलच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

आता व्हॉट्सॲपवाल्यांकडे वळतो, कारण ही पोस्ट कापून ते फिरवणार हे मला माहीत आहे. 'मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजे विष, सगळ्या बंद करा, अमुक काढा घ्या' असं पसरवणाऱ्यांचा आणि माझा काही संबंध नाही. या गोळ्यांनी हजारो घरं सावरली आहेत. निम्हान्सच्या त्याच सर्वेक्षणात दिसलं, की गंभीर मनोविकार असलेल्या दर चारांपैकी तिघांना उपचारच मिळत नाही. त्या तिघांचा प्रश्न आधी आहे. आणि गोळी एकदम बंद केली तर आजार उलटतोच, शिवाय एकदम बंद केल्यानेही तगमग सुरू होऊ शकते. जे करायचं ते डॉक्टरशी बोलून, हळूहळू. उपाय आहेत: डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉल किंवा दुसरं औषध जोडणं. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही, म्हणून तेही मेडिकलवरून स्वतः आणायचं नाही. आपल्याकडे सरसकट जोडून देतात ती पॅसिटेनची गोळी थरथर आणि आखडलेपणावर चांगली, तगमगीवर तिचा भरवसा कमी. 'ती गोळी तर चालू आहे' म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

एक मात्र गांभीर्याने. तगमग सहन न झाल्याने माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ शकतात, हे वैद्यकात मान्य आहे. कोणी असं बोललं तर तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही दोन शब्द. 'मनोरुग्णाचा धुडगूस', 'वेडसर इसमाने केला हल्ला' असे मथळे आपण किती सहज चढवतो. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'मानसिक संतुलन बिघडल्याने' एवढंच असतं, आपण तेच उतरवतो. उपचार कधी सुरू झाले, औषध कधी बदललं, हे दोन प्रश्न त्या कुटुंबाला विचारायला काय लागतं? शेतकऱ्याने जीव दिला की आपण कर्ज, नापिकी, सावकार हे सगळं विचारतो, आणि विचारलंच पाहिजे. इथं मात्र 'मनोरुग्ण' म्हटलं की बातमी संपली.

आपल्या भागात काहीच झालं नाही असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला, गावातलीच माणसं तयार करून. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून आला, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. स्किझोफ्रेनियावर 'देवराई' सिनेमा २००४ मध्ये आला, अतुल कुलकर्णीने तो आजार लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला. हे सगळं माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्याचं काम आहे आणि ते मोलाचं आहे. माझं भांडण दाराच्या आत गेल्यावर काय होतं त्याच्याशी आहे. दारापर्यंत आणलेला माणूस पंधरा दिवसांत तगमगीने पळून गेला, तर पुढच्या वेळी गावातला एकही जण त्या दाराशी येणार नाही. "त्याले गोळ्या देल्ल्या अन्‌ तो अजूनच हुकला," ही बातमी आशाताईच्या भेटीपेक्षा जोरात पळते.

म्हणून मागणी लहान आहे. नवीन इमारत नको, उद्घाटन नको. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी मानसोपचार ओपीडीत अँटिसायकोटिक औषध सुरू होणाऱ्या प्रत्येकाला त्या दहा ओळींचा कागद, मराठीत, आणि मेळघाटासाठी कोरकूत बोलून दाखवणारा एक माणूस. केसपेपरवर एक रकाना, 'बसवतं का?' आणि दर भेटीला त्यात हो किंवा नाही लिहिणं. औषध सुरू करताना आणि डोस वाढवताना ती चार मिनिटं. खासगीवाल्यांना हाच कायदा लागू आहे, त्यांच्या संघटनेने हा कागद स्वतःहून छापावा, खर्च शंभर चहांपेक्षा कमी येईल.

सोमवारी दोन्ही जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने कलम २२ चा हवाला देऊन अर्ज देतो आहे. सोबत माहितीच्या अधिकारात एक प्रश्नही टाकतो, की २९ मे २०१८ पासून आजपर्यंत दुष्परिणामांची माहिती पेशंटला लेखी देण्यासाठी काय केलं, त्याची प्रत द्या. उत्तर आलं की इथंच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

तोवर तुमच्या घरच्यासाठी एवढं करा. गोळी कधी सुरू झाली, कधी बदलली, कधी वाढली, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तगमग कधी सुरू झाली, तीही लिहा. दोन्ही तारखा डॉक्टरला दाखवा आणि "याचं वाढलं" असं न म्हणता "याले बसवत नाही" असं म्हणा. औषधाचा दुष्परिणाम पेशंट किंवा नातेवाईक स्वतःही सरकारला कळवू शकतात, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, नागरिकांसाठी वेगळा फॉर्म आहे. ज्यांच्याकडे असा अनुभव आहे त्यांनी कमेंटमध्ये पेशंटचं नाव लिहू नका, मला इनबॉक्स करा. अर्जासोबत अनुभव जोडायचे आहेत, नावं जोडणार नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवा.